पाखरं हाकायचं पान

संक्रांत सरली की नांदेडच्या रस्त्याकडेला हुरड्याच्या गाड्या लागतात. पाटीत हिरवी कणसं, शेजारी गोवऱ्यांचा धुमसता जाळ, आणि गाडीवाला हातावर कणीस चोळताना उडणारं फोल. त्या धुरात एक गोडसर, दुधाळ वास असतो. ऑफिसातून परतताना तो वास आला की मी गाडी हळू करतो. कधी थांबतो, कधी थांबत नाही.

खरं म्हणजे त्या वासानं मला गाव आठवायला पाहिजे. जळकोटच्या पुढचं आमचं शिवार, विहिरीकडची जवारी, कोवळ्या उन्हात उभे असलेले माझे वडील, अण्णा. हे सगळं आठवतंही. पण दोन हिवाळे झाले, त्या वासामागून आणखी काहीतरी येतं आणि छातीत एका जागी टोचतं. बरेच दिवस मी त्याला गावाची ओढ म्हणत होतो. ओढ म्हटलं की माणूस स्वतःला बरा वाटतो. पण ती ओढ नाही, हेवा आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या नसरीनचा हेवा.

नसरीन आणि मी एकच काम करतो. एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे, तिथं आम्ही लोकांच्या वेबसाईट बनवतो. लातूरचे क्लासेस, नांदेडचे दवाखाने, मंगल कार्यालयं, बियाणांची दुकानं. कुणाला गणपती उजवीकडं हवा असतो, कुणाला स्वतःचा फोटो देवापेक्षा मोठा. दिवसभर आम्ही दोघं लोकांचे लोगो लहानमोठे करतो आणि सहा वाजता उठतो. इथवर आम्ही सारखे.

फरक त्यानंतरचा आहे. नसरीन घरी जाऊन पुन्हा कोड लिहिते. कुणी न सांगता, कुणासाठीही नाही. तिनं स्वतःची एक जागा केली आहे इंटरनेटवर, तिचं नाव ‘उगीच’. त्यात तिची छोटी छोटी पानं आहेत. एक पान उघडलं की काळ्याशार पडद्यावर कापसाचे पुंजके तरंगतात. बोट नेलं की ते घाबरून बाजूला होतात, बोट स्थिर ठेवलं की हळूच जवळ येऊन बसतात. बस, एवढंच. दुसऱ्या एका पानावर तुम्ही नाव लिहायचं, मग ते रजईच्या मोठ्या मोठ्या टाक्यांनी शिवून निघतं, आणि मधूनच दोरा संपतो. एक घड्याळ आहे, ते वेळ दाखवत नाही. तिच्या इतवाऱ्यातल्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या ओढण्यांची सावली आता कुठवर आली असेल, तेवढं दाखवतं.

पहिल्यांदा कापसाचं पान पाहिलं तेव्हा मी विचारलं होतं, “हे कशासाठी?”

“कशासाठी म्हंजे?”

“म्हंजे उपयोग काय ह्याचा?”

ती माझ्याकडं बघून हसली. “अरे माधव, तू क्या तलाठी लगेला है? उगीच केलं. आवडलं का न्हाई, ते सांग.”

आवडलं होतं. इतकं आवडलं होतं की मी “बरं आहे” म्हणालो आणि माझ्या स्क्रीनकडं वळलो. एका मंगल कार्यालयाची पार्किंगची माहिती उजव्या बाजूला घ्यायची राहिली होती.

पुढं त्या पानांचा बोलबाला झाला. कुठल्या कुठल्या गावचे लोक तिला लिहू लागले. कुणी म्हणे, परीक्षेच्या आधी कापसाचं पान उघडून बसतो. लातूरचे एक क्लासवाले आमच्याकडं आले ते हातात मोबाईल धरूनच, “हे कापूसवालं कोणी केलं? आम्हाला असं जिवंत काहीतरी पाहिजे.” आमचे सर खूश झाले. नवा माणूस आला की ते ओळख करून देतात, “हा माधव, आमचा बैल. कितीही ओझं टाका, हू की चू करणार नाही. आणि ही नसरीन, आमचं पाखरू.”

सगळे हसतात. मीही हसतो. सरांच्या मनात वाईट काही नाही, आमच्या भागात बैलाला मान आहे, पोळ्याला त्याला ओवाळतात. पण खांद्यावर जू आहे हे बैलाला चारचौघांत ऐकवायची गरज नसते.

ह्या हेव्याची मी बरेच दिवस स्वतःशी समजूत घालत असे. म्हणत असे, तिला परवडतं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. आईला सही येते, वाचता येत नाही. माझ्या शिक्षणाला किती हात लागले ते मलाच माहीत. गावच्या शाळेतले गुरुजी अण्णांना सांगायला भर उन्हात रानात आले होते, ह्याला थांबवू नका म्हणून. लातूरला शिकायला गेलो तेव्हा ज्यांच्याकडं खोली केली त्या मावशी सणाचं ताट माझ्यासाठी झाकून ठेवायच्या. गावाकडं गेलो की पारावरचा प्रत्येक माणूस विचारायचा, “काय शिकून राहिलास?” आणि उत्तर ऐकून न ऐकल्यासारखं करत म्हणायचा, “कामाचं शीक बाबा कायतरी.” कामाचं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शब्द तोच असावा. इतक्या जणांनी मिळून घडवलेला माणूस संध्याकाळी बसून कापूस कसा उडवील? माझ्या प्रत्येक तासाला कुणीतरी धनी आहे असं मला वाटतं, आणि ते वाटणं मला वाईट वाटत नाही. मी त्या सगळ्यांचा ऋणी आहे, हे मी मनापासून लिहितो.

फक्त नसरीनला परवडतं, हे खोटं निघालं. मागच्या थंडीत आईसाठी रजई भरून घ्यायची म्हणून तिच्या अब्बांच्या दुकानावर गेलो. गल्लीत खाली पिंजायची जागा, वर घर. अब्बा खोकत होते. त्यांच्या भुवयांवर, दाढीवर, कानाच्या पाळीवर कापूस बसलेला. नसरीनसुद्धा घरातली पहिलीच पदवीधर. तिच्या शिकण्यालाही असेच हात लागलेले. लहानपणी अब्बा धनुकलीवर कापूस पिंजायचे तेव्हा उडालेले पुंजके पकडायचा तिचा खेळ होता, आणि अब्बा ओरडायचे की पकड, पण गिऱ्हाईकाचा आहे, परत टाक. अब्बांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, “बेटा, ये कापूस उडाती कंप्यूटर में. मैंने बोला, जिंदगीभर मैं उडाया, अब तू उडा.”

हेव्याला निमित्त असलं की तो सोसता येतो. त्या दिवशी निमित्त गेलं. रजई खांद्यावर घेऊन मी गल्लीतून बाहेर आलो तेव्हा माझ्याजवळ नुसता हेवा उरला होता. रजईसारखाच, उबदार आणि जड.

माझ्याही लॅपटॉपवर एक फोल्डर आहे. त्याचं नाव ‘नंतर’. एखादी कल्पना सुचली की मी तिथं एक रिकामी फाईल करतो, तिला नाव देतो आणि बंद करतो. नंतर करू. बहिणीचं लग्न होऊ दे, विहिरीचं काम होऊ दे, हा प्रोजेक्ट संपू दे. त्या सगळ्या रिकाम्या फायलींमध्ये एकच फाईल भरलेली आहे. तीत अण्णांचा आवाज आहे, पाखरं हाकायचा.

तो आवाज ज्या हिवाळ्यातला, तो हिवाळा आता सांगितला पाहिजे.

पदवी हातात होती आणि काम नव्हतं. लातूरची खोली सोडून मी गावी आलो होतो. नुकतीच येळवस झालेली. आमच्याकडं त्या अमावास्येला सगळं गाव रानात जातं, कडब्याचा कोप, म्हणजे खोपटं, करून पूजा होते, वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतात. सण झाला तरी आमचा कोप अण्णांनी मोडला नव्हता, राखणीला बसायला तो कामी येतो. सगळ्या शिवारात हरभरा, आणि जवारी फक्त आमची नि आणखी एक-दोघांची. त्यामुळं पंचक्रोशीतल्या पाखरांचं आवतण आमच्याकडंच. चिमण्या, राघू, आणि भोरड्या. भोरड्यांचा थवा आला की आभाळात कुणी काळं-गुलाबी धोतर झटकल्यासारखं वाटतं. तो कणसांवर उतरला की जवारी वाकते आणि थोड्या वेळात कणसं रिकामी.

राखणीचा माळा कोपाच्या बाजूला होता. चार मेढी, वर फळ्या, चढायला बाभळीची आडवी लाकडं. अख्ख्या गावात मोबाईलला रेंज यायची ती त्या माळ्यावर. म्हणून राखण माझ्याकडं आली. एका हाताशी गोफण, मांडीवर जुना लॅपटॉप. सकाळी दव इतकं असायचं की फळ्या ओल्या, पायजमा ओला. खालून अण्णा हरभऱ्याचे डहाळे वर फेकायचे. उन्हं आली की जवारीच्या पानांची सळसळ सुरू व्हायची, कोरडी, नव्या कागदासारखी. ती सळसळ आणि माझ्या बोटांखालच्या बटणांचा आवाज, दोन्ही एकात मिसळून जायचे.

मी तेव्हा वेब पानं बनवायला शिकत होतो. कामाचं म्हणूनच शिकत होतो. पण माळ्यावर बसल्या बसल्या सुचलं, गोफण फिरवून खांदा दुखतो, ओरडून घसा बसतो, तर हे काम पानाला का लावू नये? अण्णांना उभं केलं आणि त्यांची हाळी मोबाईलमध्ये घेतली. “हाऽऽऽऽ हुर्र्र्र्र!” अण्णांची हाळी तीन शेतं ओलांडून जाते. मग एक पान केलं, हिरवंगार, डोळ्याला टोचेल इतकं हिरवं. मधोमध पिवळं बटण, त्यावर लिहिलं, ‘पाखरं हाका’. बटण दाबलं की पान ठरावीक वेळानं हाळी द्यायचं. भजनी मंडळाचा भोंगा मागून आणला, माळ्याच्या मेढीला बांधला, बॅटरीला जोडला.

पहिल्या दिवशी काय मजा आली! भोंग्यातून अण्णा गरजले की भोरड्यांचा अख्खा थवा उठायचा. खाली अण्णा कंबरेवर हात ठेवून उभे, आपलाच आवाज आपल्याला न विचारता रानात फिरताना बघत. आई भाकरी घेऊन आली ती दचकून म्हणाली, “अवं, तुमी हितं, मग वरडून राहिलं कोण?”

चार-दोन दिवसांत पाखरं शिकली. हाळी व्हायची वेळ आली की ती जरा आधीच उडायची, लिंबावर बसायची, आणि हाळी संपली की पुन्हा कणसांवर. जणू शाळेची मधली सुट्टी. एक राघू तर भोंग्याच्या काठावर बसून कणीस खाऊ लागला. अण्णा खालून ओरडले, “तुज्या यंत्राला पाखरं जेवणाची घंटा समजून राहिलीत रे. वाजलं की पंगत उठती, वाजलं की पंगत बसती!”

मग मी माळ्यावर बसून पाखरांनाच बघत राहिलो. बघता बघता कळलं की भिण्यासारखं होतं ते त्या आवाजात नव्हतं, तो कधी येईल हे ठाऊक नसण्यात होतं. मी कोड बदलला. आता हाळी कधी पटकन यायची, कधी लवकर यायचीच नाही. लागोपाठ दोनदा यायची, मग बराच वेळ गप्प. पाखरं पुन्हा गोंधळली. आम्हीही. जेवताना घास तोंडाशी नेला की नेमकी हाळी व्हायची आणि आई कालवणाची वाटी सांडायची.

त्या हंगामात पाखरांनी खायचं तेवढं खाल्लंच. जवारी थोडी कमीच झाली असेल. पण मला तो हिवाळा आठवतो तो असा. नंतर नांदेडला नोकरी लागली आणि मी ते पान कुणाला दाखवलं नाही. भोंग्यासाठी केलेलं पान अर्जात कुठं लिहायचं? हाळीची मूळ फाईल मात्र ‘नंतर’मध्ये टाकून ठेवली. कधीतरी तिचं काहीतरी मोठं करू. नीट. चांगलं.

आणि मग ह्या पौषात, ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर, मी फुशारकी मारली. बोलण्याच्या ओघात सांगून बसलो की आमच्या अण्णांच्या हाळीला तीन शेतांतली पाखरं उठतात. नसरीनचा कप ओठाशीच थांबला.

“रेकॉर्ड केलंस कधी?”

“आहे कुठंतरी.”

“मेरेकू दे ना! सुन, मी नवं पान करतेय. नुसतं रान. माणूस हलला न्हाई की पाखरं येऊन बसणार, हलला की उडणार. पण त्यात माणसाचा आवाज पाहिजे. खरा. नेटवरचे सगळे आवाज नाटकी वाटतात.”

“बघतो,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “सापडला?” मी म्हणालो, “बघतो.” त्यानंतरही बघतोच. फाईल तर एका बोटाच्या अंतरावर होती. पण ती दिली की काय होईल ते मला स्पष्ट दिसत होतं. ती त्याचं पान करील, सुंदर करील. लोक म्हणतील, काय रान उभं केलंय. माझं शिवार, माझ्या अण्णांचा गळा, आणि खाली ‘उगीच’. माझ्याजवळ ‘नंतर’ नावाचं जे काही होतं, त्यातली एकुलती भरलेली गोष्ट निघून जाईल, आणि मग मी खरोखरच फक्त बैल उरेन.

इकडं आईचा फोन. “तुज्या हापिसातल्या लेकरांना हुरड्याला आण की रं. हंगाम चालला.” दरवर्षी सगळे म्हणायचे आणि दरवर्षी मी टाळायचो. ह्या वेळी आईनं फोन स्पीकरवर असतानाच आवतण दिलं, आणि नसरीननं शेजारून ओरडून घेतलंही, “आती मावशी!”

एका रविवारी आम्ही सहा-सात जण निघालो. कंधार, जांब करत जळकोट गाठलं. रानात पोचलो तेव्हा अण्णा आगटी पेटवून बसले होते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खोचलेली. आईनं घोंगडं अंथरलं होतं, शेंगादाण्याची चटणी, गूळ, गाडग्यातलं दही मांडलं होतं. अण्णा गरम कणीस नुसत्या तळहातावर चोळायचे, फुंकर मारायचे आणि हिरवे दाणे समोरच्याच्या ओंजळीत ओतायचे.

“खा माय, खा,” ते नसरीनला म्हणाले. “हुरड्याला लाजायचं नसतं. आन् मोजायचं तर मुळीच न्हाई.”

“अण्णा, माझ्या अब्बांसारखंच आहे तुमचं,” ती म्हणाली. “त्यांच्या अंगावर कापूस, तुमच्या अंगावर फोल.”

तेवढ्यात भोरड्या आल्या. सगळ्या रानावर सावली सरकल्यासारखी झाली. अण्णा बसल्या जागचे उठले, मान मागं टाकली आणि हाळी दिली. “हाऽऽऽऽ हुर्र्र्र्र!” थवा उठला. आमच्यातला एक जण दचकून चटणीत हात घालून बसला. नसरीनच्या ओंजळीतला हुरडा घोंगड्यावर सांडला, आणि ती ते न बघता अण्णांकडंच बघत राहिली.

“यहीच! अण्णा, हेच मी मागून राहिले किती दिवस. ह्याच्याकडं हाय म्हणे तुमचा आवाज. देतच न्हाई.”

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी निखारे सारखे करायला काडी शोधत होतो.

“न देऊन काय करतो?” अण्णा म्हणाले. “त्यानं तर माझ्या आवाजाचं यंत्रच केल्तं की. पाखरं हाकायचं. भोंगा लावून.”

“कसलं यंत्र?”

“तुला सांगितलं न्हाई?” आई म्हणाली. “अगं, लई हसलो आमी त्या साली. खाली वाकावं तर वरनं हे वरडायचं.”

नसरीन माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणखी काहीतरी होतं. “तू केलं होतंस? पान? आन् मेरेकू विचारतो, उपयोग काय?”

माळा अजून होता, फळ्या नव्या टाकलेल्या. सगळ्यांनी मला वर चढवलं, मागून नसरीन चढली. मोबाईलवर मी पत्ता टाकला. इतक्या वर्षांनी ते पान उघडेल असं मला वाटलं नव्हतं, पण उघडलं. तसंच हिरवंगार. मला लाज वाटली. बटण एका बाजूला सरकलेलं, अक्षरं खडबडीत, आता मी एखाद्या नवशिक्याला असलं पान पुन्हा करायला लावीन. नसरीननं बोट पुढं केलं आणि पिवळं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

“बंद पडलंय वाटतं,” खालून कुणी म्हणालं.

“थांबा जरा,” मी म्हणालो. “ते कधी वाजंल सांगता येत नाही. तसंच केलंय.”

सगळे थांबले. जवारीची पानं सळसळत होती. लांब एक इंजिन चालू होतं. भोरड्या लिंबावरून एकेक करून खाली येऊ लागल्या. नसरीन श्वास धरून फोनकडं बघत होती, आणि मी नसरीनकडं. मग फोनमधून, त्या एवढ्याशा भोकातून, अण्णा गरजले. आताच्या अण्णांपेक्षा तरणे अण्णा. आणि हाळी संपता संपता तिच्या मागून एक हसू आलं. खळखळून, दम लागेपर्यंतचं, आणि त्यातच शब्द, “अण्णा, अजून एकदा! अजून एकदा!”

तेव्हा मला आवाज कापता येत नव्हता. जे आलं ते सगळंच्या सगळं मी पानात टाकलं होतं. पुढं इतकी वर्षं ती फाईल मी उघडून ऐकलीच नव्हती. भोंग्यातून तेव्हा रोज वाजणारं ते हसू मी विसरूनच गेलो होतो, माझ्या लेखी तीत फक्त अण्णांची हाळी होती.

“ये हँसनेवाला कौन?” नसरीननं विचारलं.

“कोण म्हंजे?” खालून अण्णा म्हणाले. “ह्योच की. त्या साली लई हसायचा.”

अण्णा सहज बोलले आणि पुन्हा कणसं खोचायला वाकले. मी माळ्यावर बसून राहिलो. हाताखाली फळी होती, दव वाळून गेलेलं. हातात नोकरी नसलेला, खिशात काही नसलेला, कुणाच्याही उपकारातून अजून न सुटलेला तो मुलगा तिथंच बसून इतका हसला होता. कामाचं म्हणून सुरू केलेलं काम बघता बघता त्याच्या हातून खेळ झालं होतं आणि त्याला ते कळलंही नव्हतं. मी नसरीनचा हेवा करत होतो, तो खरा होता, आताही आहे. पण त्या मुलाचा मला जो हेवा वाटला, तसा कुणाचाच वाटला नव्हता. नसरीनचं निदान मी कौतुक तरी करू शकतो. त्याचं काय करायचं?

परतताना गाडीत ड्रायव्हर आणि आम्ही दोघं सोडून सगळे झोपले. नसरीन तेवढी म्हणाली, “ती पाखरं हुशार झाली, ते पुन्हा सांग.” मी पुन्हा सांगितलं. राघू भोंग्यावर बसून कणीस खात होता, तिथं आल्यावर ती इतकी हसली की झोपलेले जागे झाले. हसता हसता ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, “माझ्या पानावर आजवर एक पण खरं पाखरू बसलं न्हाई रे.” मी तिचं ते वाक्य जपून ठेवलं. खोटं कशाला सांगू, मला ते फार गोड लागलं.

सोमवारी मी फाईल उघडली. आवाजाची रेघ स्क्रीनवर दिसते. आधी अण्णांची हाळी, डोंगरासारखी उंच. तिच्या पायथ्याशी बारीक बारीक लाटा, तेच माझं हसू. मी दोन्हींच्या मधोमध कापलं. हाळी नसरीनला पाठवली.

तिनं कानाला लावून ऐकली आणि खुर्ची माझ्याकडं फिरवली. “आन् हसणं?”

“ते न्हाई देणार.”

“कायकू?”

“मला लागणार हाय ते.”

तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण ती म्हणाली, “रख रे बाबा. तुझंच हाय,” आणि कामाला लागली.

तिचं रानाचं पान आता तयार आहे. सुंदर झालंय. हात स्थिर ठेवला की जवारीच्या कणसांवर एकेक पाखरू येऊन बसतं, आणि जरा हललात की अण्णांची हाळी घुमते आणि सगळं आभाळ उठतं. खाली तिनं लिहिलंय, ‘आवाज: माधवचे अण्णा, जळकोट’. अण्णांना फोनवर दाखवलं तर म्हणाले, “पाखरं जरा जास्तच गरीब दावलीत पोरीनं.” मला ते पान बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. अजूनही टोचतं.

मी मात्र ‘नंतर’मधून ती एक फाईल बाहेर काढली. एक कोरं पान केलं. त्यावर रंग नाही, चित्र नाही, बटणसुद्धा नाही. ते फक्त उघडून ठेवायचं. काल ते तसंच मागं उघडं होतं आणि मी लातूरच्या क्लासेसचं काम करत होतो, पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो एका रांगेत बसवत होतो. सगळ्यांचे चेहरे गंभीर. एक फोटो खाली सरकत होता, तो वर घेत होतो.

अचानक स्पीकरमधून कुणीतरी खळखळून हसलं. अजून एकदा! अजून एकदा!

मी खुर्चीतून उडालोच. पाखरासारखा.

“काय झालं रे?” नसरीननं विचारलं.

“काही न्हाई,” मी म्हणालो. “उगीच.”

ती खुर्ची ओढत जवळ आली आणि माझ्या कोऱ्या पानाकडं बघू लागली. “वाजव ना परत.”

“माझ्या हातात न्हाई ते.”

“मग कवा वाजंल?”

“सांगता येत न्हाई.”

तिनं की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मीही ठेवले. फोटोतली सगळी गंभीर मुलं आमच्याकडं बघत होती, एक फोटो अजून खाली सरकलेला होता, आणि आम्ही दोघं हलायचं नाही असं ठरवल्यासारखे वाट बघत बसलो.